पाडकाम मॅडम

पडद्यावर पन्नास मजली इमारत कोसळत असायची, धुळीच्या लोटातून पाठीवरची केप फडकवत नायक वर झेपावत असायचा, सगळं थिएटर शिट्ट्यांनी दणाणलेलं असायचं आणि नेमक्या त्या क्षणी माझ्या शेजारच्या खुर्चीतून प्रश्न यायचा, "पण आत कोण राहत होतं?"

मागच्या रांगेतलं कुणीतरी 'शूऽऽ' करायचं. मॅडमना त्याचं काही नसायचं. "एका तरी गॅलरीत कपडे वाळत घातलेत का बघा. नाहीत ना? म्हणजे कुणी राहत नाही. मग पडू दे की," असं म्हणून त्या पॉपकॉर्नचा बकाणा भरायच्या आणि पुढच्याच मिनिटाला नायकाला बघून स्वतःही शिट्टी मारायच्या. दोन बोटं तोंडात घालून, खणखणीत. पन्नाशीच्या, ठेंगण्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या बाईकडून एवढी शिट्टी येईल असं कुणालाच वाटायचं नाही. पुढच्या रांगेतली पोरं वळून वळून बघायची.

त्यांचं नाव वृंदा. पण आमच्या स्टुडिओत त्यांना सगळे पाडकाम मॅडम म्हणायचे. हा स्टुडिओ कर्वेनगरात एका बँकेच्या वर होता. परदेशातल्या सुपरहिरोंच्या पिक्चरची कामं आमच्याकडे यायची. तिकडे नट हिरव्या पडद्यासमोर उभा राहून हातवारे करायचा आणि घरी जायचा. त्याच्यामागचं शहर, आग, धूर, हवेत उडणाऱ्या गाड्या हे सगळं आमच्यासारख्यांच्या कॉम्प्युटरवर उभं राहायचं. आणि आमच्या विभागात ते पडायचं. पूल, मनोरे, रस्ते, जे सांगतील ते आम्ही मोडायचो. मॅडम त्या विभागाच्या प्रमुख. एका दिवाळीत पोरांनी मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर 'पाडकाम विभाग' असं लिहून गंमत केली, तर मॅडमनी ते झाकण कापून दारावर चिकटवलं. "पाटीशिवाय पुण्यात खातं चालत नाही," म्हणाल्या.

मी यवतमाळहून आलेला. वारज्यात मित्रांच्या खोलीवर राहायचो आणि मुलाखतीला जाताना पेन ड्राइव्हमध्ये माझं सगळ्यात भारी काम घेऊन गेलो होतो. एक अख्खी बाजारपेठ मी जमीनदोस्त केली होती. काच फुटते कशी, लोखंड वाकतं कसं, सगळं अगदी मन लावून केलेलं. मॅडमनी ते दोनदा पाहिलं. चष्मा काढून पुसला.

"छान पाडलंत. आता मला सांगा, हे पडलं त्याचं मला वाईट का वाटत नाहीये?"

माझा चेहरा उतरला. "इफेक्ट बराबर नाही आला का, मॅडम?"

"इफेक्ट उत्तम आलाय. तेच तर म्हणतेय. सोमवारी या."

"म्हणजे मी सिलेक्ट झालो का मंग?"

"सोमवारी सकाळी साडेनवाला कुणी गंमत म्हणून बोलावतं का हो?"

त्या दिवसापासून मी 'यवतमाळ' झालो. मॅडम सगळ्यांना गावाच्या नावानं हाक मारायच्या आणि वर 'अहो' लावायच्या. अहो यवतमाळ, अहो बार्शी, अहो इचलकरंजी. माझ्या शेजारी बसणारी तन्वी मात्र पुण्याचीच, त्यामुळे ती 'अहो तन्वी'. बावीस वर्षांच्या शिकाऊ पोरालाही त्यांनी कधी अरे-तुरे केलं नाही. झाडायच्या तेसुद्धा अहोमध्येच, त्यामुळे ते जास्त लागायचं.

नव्या पिक्चरचा ट्रेलर आला की त्या दिवशी मॅडमना लिफ्टची वाट बघवायची नाही. शनिवार पेठेतून स्कूटरवर यायच्या, ती खाली कशीबशी लावायच्या आणि डोक्यावरचं हेल्मेट न काढताच जिने चढत ओरडत यायच्या, "बघितलात का? कुणी बघितला का?" मग सगळे एका कॉम्प्युटरभोवती गोळा. हेल्मेटची काच वर करून त्या ट्रेलर बघायच्या, थांबवायच्या, मागे घ्यायच्या, टाळ्या पिटायच्या. आयुष्यभर याच कामात मुरलेली ही बाई, पण माणूस उडताना दिसला की त्यांच्या अंगावर खरोखर काटा यायचा. बाही वर करून दाखवायच्याही.

शिकवण्याची त्यांची पद्धत वेगळी होती. एकदा सकाळी आम्हा सगळ्यांना त्यांनी कामावर न बोलावता थेट त्यांच्या घराजवळ बोलावलं. समोरच्या गल्लीत एक तीन मजली इमारत पाडणं चाललं होतं, तिथं नवीन मोठी इमारत होणार होती. रस्त्याच्या पलीकडे दोरी बांधलेली, बघ्यांची गर्दी. आम्ही उत्साहानं मोबाइल काढून शूटिंग करायला लागलो. धूळ कशी उठते, सळया कशा लोंबतात. पोकलेननं पुढची भिंत ओढली आणि दुसऱ्या मजल्यावरची एक खोली उघडी पडली. आकाशी रंगाची भिंत, तिच्यावर कॅलेंडर टांगायचा खिळा आणि खिळ्याखाली कॅलेंडरच्या आकाराचा गडद चौकोन. आमच्या शेजारी एक गृहस्थ उभे होते. हातातली पिशवी खाली ठेवून ते कुणालातरी फोनवर म्हणाले, "आपली खोली दिसतेय गं. हो, अजून आहे. थांब, बोलू नकोस."

मॅडम माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "पोकलेनकडे कुणी बघतंय का बघा."

कुणीच बघत नव्हतं. अवाढव्य पिवळं यंत्र घरघरत होतं आणि सगळ्या गल्लीचे डोळे त्या आकाशी भिंतीवर होते. नंतर मॅडम त्या गृहस्थांना शेजारच्या अमृततुल्यमध्ये घेऊन गेल्या, चहा पाजला, बराच वेळ बोलत बसल्या. आम्हाला फक्त एवढंच म्हणाल्या, "आज शिकवणी संपली. दुपारी कामावर या."

आमचं काम असलेला पहिला पिक्चर लागला तो दिवस मी विसरणार नाही. पहिला खेळ सकाळचा, आणि मॅडमनी रजेच्या अर्जावर सगळ्यांसाठी 'साइट व्हिजिट' असं कारण लिहून दिलेलं. थिएटरबाहेर ही गर्दी! कॉलेजची पोरं, छातीवर नायकाचं चिन्ह असलेले टी-शर्ट, दोन पोरांनी तर केपसुद्धा शिवून घेतलेल्या. पिक्चर सुरू झाला आणि आरडाओरड्यात पहिले संवाद ऐकूच आले नाहीत. आम्ही पाडलेला पूल पडला तेव्हा तन्वीनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. पिक्चर संपला, लोक उठायला लागले, पण आम्ही बसून. नावांची ती लांबच लांब यादी वर सरकत होती. केस कुणी विंचरले, गाड्या कुणी चालवल्या, जेवण कुणी दिलं. झाडूवाले आत आले तरी नावं चालूच. आणि मग पुणे. आमची नावं! बारीक अक्षरांत, एकाखाली एक. मॅडम खुर्चीवर चढून उभ्या राहिल्या आणि प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायला लागल्या, जणू शाळेत बक्षीस समारंभ चाललाय. झाडूवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी घरी फोन लावला. बाबा म्हणाले, "कुठी दिसलं नाव? सुरुवातीले का?"

"नाही बाबा, शेवटी. लय खाली."

"खाली असू दे. आहे ना!"

दोन-तीन वर्षं अशी झिंगल्यासारखी गेली. मग हळूहळू काहीतरी बिघडायला लागलं. पिक्चर धडाधड येत होते, कामाला तोटा नव्हता, पण परदेशातून येणाऱ्या सूचनांमध्ये एकच शब्द असायचा, मोठं करा. आधी एक रस्ता पाडायचा असायचा, मग शहर, मग ग्रह. पुढे पुढे तर एकाच्या जागी अनेक विश्वं आली. मॅडम ते वाचून दाखवायच्या आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघायच्या.

"विश्वं भरपूर आहेत म्हणे. म्हणजे एक बुडालं तर दुसरं तयार. मग मी काळजी कशाला करू? माझी स्कूटर चोरीला गेली तर मी रडेन, कारण ती एकच आहे."

मेलेला नायक पुन्हा जिवंत होऊन परतला तेव्हा म्हणाल्या, "याच्या आईला कळवायचं तरी कितीदा?"

आम्ही हसायचो, पण थिएटरात ते जाणवायला लागलं होतं. शिट्ट्या विरळ झाल्या, मग खुर्च्याही. एका पिक्चरच्या शेवटच्या युद्धावर आम्ही सहा महिने घालवले होते. आकाशातून निळा झोत येतोय, शत्रूंची टोळधाड उतरतेय, सगळीकडे स्फोट. आणि ऐन त्याच वेळी पुढच्या रांगेत एका मुलानं मोबाइल काढला आणि आरामात गेम खेळायला लागला. माझं डोकंच फिरलं. मॅडम मात्र त्या मुलाकडे टक लावून बघत राहिल्या. पिक्चर सुटल्यावर त्यांनी त्याला जिन्यात गाठलं.

"अहो, जरा थांबता का? रागावत नाहीये. युद्ध चालू असताना मोबाइल का काढलात?"

तो कावराबावरा झाला. "सॉरी मॅडम. म्हणजे... तो मरणार नाही हे माहितीच होतं ना. आणि ती बाई मधेच आली ती कोण, हे कळायला आधी दोन सीरियल बघायला लागतात. मी नाही बघितल्या. मग म्हटलं, संपेपर्यंत खेळू."

"मग आलात कशाला?"

त्यानं मोबाइल खिशात टाकला. "लहानपणी पहिला बघितला होता ना, तेव्हा रात्रभर झोप नव्हती लागली. तसं परत होईल म्हणून दर वेळी येतो."

मॅडम तडक स्कूटरपाशी गेल्या. किल्ली लावली आणि एकदम माझ्याकडे वळल्या. डोळे चमकत होते. "ऐकलंत? तुम्ही म्हणता लोक कंटाळले. कंटाळलेला माणूस तिकीट काढत नाही हो! हा पोरगा वाट बघतोय. इतके पिक्चर झाले, बिचारा अजून वाट बघतोय!" आमची मेहनत वाया गेली होती आणि ही बाई कुणीतरी खजिन्याचा पत्ता दिल्यासारखी खूश झाली होती.

तो पिक्चर पडला. त्याच कंपनीचा पुढचा पिक्चर आमच्याकडेच होता आणि तोही पडला तर आपलं काही खरं नाही, असं स्टुडिओचे मालक उघड बोलायला लागले. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण धास्तावलेला होता. नव्या पिक्चरच्या शेवटी नायकाचं लहानपणीचं गाव उद्ध्वस्त होतं. सूचना आली, एकही इमारत शिल्लक ठेवू नका. मॅडमनी आमच्याकडून ते काम चोख करून घेतलं, अगदी सांगितलं तसं. मग म्हणाल्या, "आता एक आपल्या मनासारखं करू."

साहेबांनी कामाच्या दिवशी त्यासाठी कॉम्प्युटर द्यायला नकार दिला. तेव्हा मॅडम, तन्वी आणि मी शनिवार-रविवार दिवसभर येऊन बसलो. संपूर्ण गावाऐवजी एकच घर. त्याची रस्त्याकडची भिंत निखळते आणि आतली खोली दिसते, एवढंच. पण त्या खोलीत काय असावं यावरून आमची जी भांडणं झाली! तन्वीनं दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या आडव्या रेघा काढल्या, पोराची उंची मोजल्याच्या. मी शिलाई मशीनवर अर्धा शिवलेला पडदा ठेवला. माझी आई तशीच अर्धं शिवण टाकून दार उघडायला उठायची. मॅडमनी ताटावर ताट झाकून ठेवलं, कुणीतरी अजून जेवायला यायचंय म्हणून. शूटिंगच्या एका टाकून दिलेल्या तुकड्यात नटाची नजर क्षणभर बाजूला जात होती. सेटवर कुणीतरी कॉफी घेऊन आलं असेल, देव जाणे. मॅडमनी तो तुकडा शोधून काढला आणि ती नजर त्या खोलीकडे वळवली. रविवारी दुपारी आम्ही तिघांनी ते पहिल्यांदा सलग पाहिलं. तन्वी नाक पुसत पाणी आणायला गेली.

मंगळवारी संध्याकाळी परदेशातल्या दिग्दर्शकाबरोबर व्हिडिओ कॉल होता. त्यांनी मागितलेलं काम मॅडमनी दाखवलं. तो जांभई आवरत म्हणाला, ठीक आहे, धूळ थोडी वाढवा. आभार मानून तो कॉल बंद करणार, एवढ्यात मॅडम म्हणाल्या, आणखी एक छोटंसं आहे. साहेबांनी झटकन आमच्या बाजूचा आवाज बंद केला.

"वृंदाताई, काय करताय? हे काम गेलं तर मला निम्म्या पोरांना घरी पाठवायला लागेल."

"दाखवलं नाही तरी पाठवायला लागेल, साहेब. आपलं पाडकाम उत्तम चाललंय. पिक्चर पडतायत त्यांचं काय?" आणि मॅडमनी आवाज पुन्हा चालू केला.

आमचा तुकडा संपला. साहेब कपाळ धरून बसलेले. दिग्दर्शक म्हणाला, पुन्हा लावा. पुन्हा लावलं. तो उठून गेला. रिकामी खुर्ची आमच्याकडे बघत राहिली. परत आला तो एका बाईला हाताला धरून घेऊन, त्यांची एडिटर असावी. तिनं उभ्यानं पाहिलं आणि खुर्ची ओढून खाली बसली. "ते झाकलेलं ताट कुणाचं आहे?" तिनं विचारलं.

मॅडमनी इंग्रजीत उत्तर दिलं, "ते तुम्ही ठरवायचं. आम्ही फक्त झाकून ठेवलंय."

"हे आम्ही घेतोय," दिग्दर्शक म्हणाला.

कॉल बंद झाला. तन्वीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. मॅडमनी एक घोट घेतला, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की खालच्या बँकेतून शिपाई बघायला आला.

पिक्चर लागला. पहिल्या खेळाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पिक्चर लांबलेला, ओळखीपाळखीच्या पात्रांची नुसती रीघ, विनोद चुकीच्या जागी. मोबाइलचे दिवे इकडेतिकडे चमकत होते. आणि मग ती भिंत निखळली. पॉपकॉर्न खाण्याचा आवाज थांबला. एक एक करून मोबाइल खाली गेले. समोर ती खोली, त्या रेघा, तो अर्धा पडदा, आणि त्यांच्याकडे बघणारा, काहीही न करता येणारा तो उडणारा माणूस. मॅडम पडद्याकडे बघतच नव्हत्या. मान वळवून त्या अंधारातल्या चेहऱ्यांकडे बघत होत्या आणि हसत होत्या. थोड्याच वेळात निळा झोत आला, टोळधाड उतरली आणि मोबाइल पुन्हा वर आले.

"आले होते! बघितलंत ना? त्या खोलीत सगळे आले होते!" बाहेर पडताना त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

त्या एका खोलीनं पिक्चर वाचला नाही. परदेशातलं काम आटलं आणि पाडकाम विभाग बंद झाला. तन्वीला आणि मला साहेबांनी पौराणिक मालिकांच्या कामावर घेतलं. मॅडमनाही विचारलं, पण त्या म्हणाल्या, "सोन्याचे राजवाडे उभे करायचे? मला बांधता येत नाही हो." कोल्हापूरच्या एका कॉलेजात शिकवायचं बोलावणं आलं होतं, ते त्यांनी घेतलं. शेवटच्या दिवशी भाषण वगैरे काही झालं नाही. प्रत्येकाच्या खुर्चीमागे जाऊन दोन मिनिटं उभ्या राहिल्या, काय चाललंय ते पाहिलं आणि पुढे गेल्या. खाली स्कूटरपर्यंत मी सोडायला गेलो. तिथं त्या म्हणाल्या, "आता पिक्चर पिक्चरसारखा बघत जा. इतकी वर्षं आपण नुसतं काम बघत होतो." हेल्मेट चढवलं, काच खाली केली आणि आतून काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

आता माझ्या हाताखाली पोरं आहेत. वाघोलीहून, लातूरहून, भंडाऱ्याहून आलेली. कुणी नवीन आलं की मी त्याला आधी एक रिकामी खोली देतो आणि सांगतो, इथं कोण राहतं ते मला न सांगता दाखव. बहुतेक जण पहिल्या आठवड्यात वैतागतात. एका मुलीनं परवा खुंटीला एक ओली छत्री लावली आणि खाली फरशीवर पाण्याचं तळं केलं. मी तडक बाहेर पडलो आणि जिन्यात जाऊन हसत बसलो. त्या खोलीचा फोटो मॅडमना पाठवला. उत्तर आलं, "यांना सोडू नका."

गेल्या महिन्यात एका दुपारी मॅडमचा फोन आला. मागे नुसता गलका. आधी वाटलं, कुठं अपघात बिपघात झाला की काय.

"मॅडम, काय झालं? कुठे आहात?"

"थिएटरात. कोल्हापुरात. नवीन लागलाय तो बघतेय. मध्यंतर झालंय." आवाज चिरकलेला होता. "अहो, मी रडतेय."

"मॅडम—"

"बोलायला वेळ नाही हो! लोक खायला न घेताच परत आत पळतायत. चालले मी."

फोन बंद झाला. मी समोरचं काम तसंच ठेवलं, पोरांना म्हटलं, "चला, साइट व्हिजिट." ती एकमेकांकडे बघायला लागली. समजावून सांगायला वेळ नव्हता. चारचा खेळ गाठायचा होता.